घडी उलगडून दाखव

दरवर्षी आर्किटेक्चरच्या फर्स्ट इयरची नवीन बॅच आली की बेसिक डिझाइनच्या पहिल्याच स्टुडिओला मी घरची रद्दी घेऊन जाते. दोन मोठ्या पिशव्या भरून. पोरं बिचारी नवीकोरी टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, कटर, कटिंग मॅट, पेनांचे सेट असं सगळं सामान घेऊन आलेली असतात, आणि मी प्रत्येकाच्या हातात जुन्या पेपरचं एक पान ठेवते आणि सांगते की कात्री नाही, फेव्हिकॉल नाही, टेप नाही, चाळीस मिनिटं आहेत, या पानाचं असं काहीतरी करा की कागद काय करू शकतो ते मला दिसलं पाहिजे.

मग काय होतं ते आता मला पाठ झालंय. होड्या, विमानं, टोप्या, एखादा मोर, आणि पुण्यातलं कॉलेज म्हटल्यावर एक तरी शनिवारवाड्याचा दरवाजा. सगळं मन लावून केलेलं असतं, कुणाच्याही कामाला मी हसत नाही. पण चाळीस मिनिटं झाली की मी त्यांना जोसेफ आल्बर्सची गोष्ट सांगते. गोष्ट नेहमी नंतर सांगायची, आधी नाही. आधी सांगितली की सगळे तेच करून दाखवतात.

आल्बर्स मूळचा प्राथमिक शाळेतला मास्तर. 1923 पासून तो जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेमध्ये नव्या मुलांना सुरुवातीचा कोर्स शिकवायला लागला आणि 1933 मध्ये ती शाळा बंद पडेपर्यंत तिथेच शिकवत राहिला. त्याच्या एका विद्यार्थ्याने पुढे आठवण लिहून ठेवलीय की सर वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, वाटले, काहीतरी करा म्हणाले आणि निघून गेले. परत आले तेव्हा किल्ले होते, जहाजं होती, प्राणी होते. त्यांनी त्यातलं बरंचसं बाजूला केलं, म्हणाले हे दुसऱ्या कशातही झालं असतं, आणि एका हंगेरियन मुलाचं अगदी साधं काम उचललं. त्याने पान फक्त उभं दुमडलं होतं, पडद्यासारखं, आणि ते टेबलावर स्वतःच्या पायावर उभं होतं. बस्स. पण सर म्हणाले की बघा, आडवा पडलेला पेपर एकाच बाजूने दिसतो, हा उभा राहिल्यावर दोन्ही बाजूंनी दिसायला लागला, आणि इतका मऊ कागद त्याच्या सगळ्यात बारीक कडेवर उभा आहे तो फक्त घडीमुळे.

ही गोष्ट सांगून झाली की वर्गात एक शांतता होते. मला ती शांतता फार आवडते. कारण त्या वेळी पोरं आपापल्या होडीकडे बघत असतात आणि त्यांच्या लक्षात येतं की आपण कागदाला होडी व्हायला लावलं, पण त्याला स्वतःला काय येतं ते विचारलंच नाही.

आता थोडं शब्दांबद्दल. ओरिगामी म्हटलं की सगळ्यांना जपान आठवतं आणि ते बरोबरच आहे, पण मी मुलांना म्हणते की आपल्या घरात घड्यांचं केवढं ज्ञान आहे ते आधी बघा. आपल्याकडे नुसत्या दुमडण्याला किती शब्द आहेत! चादरीची घडी असते, म्हणजे जी परत उलगडायची असते. पानाचा कोपरा आपण दुमडतो. नऊवारीच्या निऱ्या असतात, एकाच मापाच्या, एकामागे एक, आणि आजीचा हात बघितलात तर ती अंगठा आणि करंगळीचं अंतर धरून न मोजता दहा-बारा निऱ्या सारख्या घालते. झबल्याला चुण्या असतात. करंजीच्या कडेला मुरड असते. मोदकाला कळ्या असतात. आणि जे काहीच ठरवून केलेलं नाही ते चुरगळलेलं. हे सगळे एका अर्थाने फोल्ड, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे, आणि फोल्ड हा एकच शब्द वापरला की तो फरक दिसेनासा होतो. म्हणून माझ्या स्टुडिओत मुलांनी मराठी शब्द वापरले तर मला खूप बरं वाटतं. गेल्या वर्षी नांदेडच्या एका मुलीने शीटवर स्पष्ट लिहिलं होतं, इथे निरी, इथे मुरड. परीक्षकांनी विचारलं हे काय, तर तिने अर्ध्या मिनिटात समजावलं, निरी कागदाला ताठ करते आणि मुरड दोन कडा धरून ठेवते. मी काहीच बोलले नाही, मला बोलायची गरजच नव्हती.

आणि कागद दुमडून शिकवणं हे आपल्या देशालाही नवीन नाही हं. टी. सुंदर राव नावाच्या गृहस्थांनी 1893 मध्ये मद्रासला एक पुस्तक छापलं, सगळी भूमिती फक्त कागदाला घड्या घालून, कंपास न वापरता. आणि त्यांना ती कल्पना सुचली ती बालवाडीच्या खेळण्यांवरून, फ्रोबेलच्या पद्धतीत लहान मुलांना दुमडायला कागद द्यायचे त्यावरून. म्हणजे ज्याला लोक बालवाडीतलं काम म्हणून बाजूला सारतात त्यातून एका माणसाने पंचकोन, षटकोन आणि पुढचे वक्र सिद्ध करून दाखवले. हे मी मुद्दाम सांगते कारण मी स्वतः विद्यार्थी असताना एका ज्युरीमध्ये माझ्या घडीच्या मॉडेलला एक परीक्षक म्हणाले होते, हे शाळेतलं कागदकाम आहे, आर्किटेक्चर कुठाय? तीन रात्री जागून केलं होतं ते. मार्कही तसेच मिळाले. त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट हे वाटलं की त्यांनी ते हातात घेऊन दाबूनसुद्धा बघितलं नाही. घडीचं काम बघायचं असेल तर ते हातात घ्यावं लागतं. लांबून ते फक्त शोभेचं दिसतं.

तर दुसऱ्या स्टुडिओला आम्ही दाबूनच बघतो. साधा झेरॉक्सचा ए-फोर कागद, जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या, मध्ये 20 सेंटिमीटर अंतर. सपाट कागद ठेवला तर तो स्वतःच्याच वजनाने मध्ये झोळ घेतो, कधी कधी खालीच पडतो. मग त्याच कागदाला दोन-दोन सेंटिमीटरच्या पंख्यासारख्या घड्या घालायच्या, लांबीच्या दिशेने, आणि परत ठेवायचा. आता नाणी ठेवा. पोरं खिसे रिकामे करतात. पाच रुपयांची दहा-अकरा नाणी आरामात राहतात आणि वर्गात एकदम गोंगाट होतो.

इथे मी त्यांना फळ्यावर एकच गोष्ट काढून दाखवते. सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, म्हणजे जाडीच्या घनाने वाढतो. पण जाडी वाढवायला माल लागतो, वजन वाढतं, पैसे लागतात. घडीने काय केलं? तोच माल, एक ग्रॅमही न वाढवता, वर-खाली नेऊन ठेवला. वरचा काठ दाबला जातोय, खालचा काठ ताणला जातोय, आणि त्या दोघांमध्ये अंतर आहे म्हणून तो कागद लढतोय. गोठ्यावरचा पन्हाळी पत्रा हेच करतो. पोस्टरचा सपाट पत्रा वाऱ्यावर फडफडतो आणि त्याच जाडीचा पन्हाळी पत्रा छप्पर म्हणून पंचवीस वर्षं टिकतो, कारण त्याला वळ्या आहेत.

पण खरी मजा पुढे आहे. वजन वाढवत गेलं की कागद मोडत नाही. फाकतो. "मॅम, हे फाकतंय!" हा शब्द दरवर्षी कुणीतरी उच्चारतंच, आणि मी त्या शब्दाची वाट बघत असते. घड्या आडव्या पसरतात, उंची कमी होते, आणि उंची गेली की सगळंच गेलं. म्हणजे घडी घातली की काम झालं असं नाही, घडीला घडी राहायला लावणारं काहीतरी पाहिजे. मग मी विचारते, मोदक करताना कळ्या घालून झाल्या की काय करता? घरी गणपती असतो त्यांना लगेच कळतं. वर नेऊन मिटवता. नाहीतर उकडताना कळ्या उघडतात आणि सारण बाहेर. तेच इथे. कागदाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एक पट्टी बसवा, घड्यांच्या मापाची, की त्यांना पसरताच येणार नाही. तेच मॉडेल मग स्टीलची भरलेली कंपासपेटी उचलतं. खऱ्या इमारतीतही असंच असतं, घडीच्या काँक्रीट छताला टोकाशी आडवी भिंत किंवा डायफ्राम, म्हणजे आपल्या पट्टीसारखाच घडी धरून ठेवणारा आडवा पडदा, लागतोच. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या मुख्यालयात सभागृहाची इमारत आहे, 1958 सालची, ब्रॉयर, झेरफुस आणि पिएर लुइजी नेर्व्ही यांच्या डिझाइनची, तिथलं काँक्रीट असं घड्या घातल्यासारखं आहे, भिंतीतून छतात चढत गेलेलं. त्याचा फोटो मी मुलांना या दिवशी दाखवते, आधी नाही. कंपासपेटी उचलल्यानंतर तो फोटो वेगळा दिसतो.

आता हाताच्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याबद्दल कुणी नीट सांगत नाही आणि निम्मी मुलं इथेच खचतात.

कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. पेपरचं पान वरून खाली फाडून बघा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं. ती वरून खालची दिशा म्हणजे धार. कार्ट्रिज शीट, म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद, घ्या, दोन कडा जवळ आणून हलकेच वाकवा, न दुमडता, मग दुसऱ्या दोन कडा. ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी धारेच्या बाजूची. धारेच्या बाजूने घडी स्वच्छ पडते, धारेला आडवी घातली की जाड कागद कडेला फुटतो आणि पांढरे केस निघतात. म्हणून मुख्य घड्या कुठल्या हे आधी ठरवायचं आणि शीट त्याप्रमाणे फिरवून घ्यायची. दुसरं, घडी नखाने घालायची नाही. संपलेलं बॉलपेन घ्या, शाई नसलेलं, स्टीलच्या पट्टीच्या कडेने एकदाच, मध्यम दाबाने ओढा. कटरने अर्धवट कापून दुमडणारे असतात, त्यांना मी थांबवते, कापलेली घडी दोन-चार वेळा उघडमिट केली की तुटते आणि ती एकाच दिशेला जाते, उलटी करता येत नाही. आणि उलटी करणं हेच तर पुढचं सगळं काम आहे.

पुढचं म्हणजे मिउरा. कोर्यो मिउरा हे जपानमधले अंतराळ तंत्रज्ञानातले संशोधक, त्यांनी 1970 च्या सुमारास ही घडी मांडली आणि 1995 मध्ये जपानने सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिट नावाच्या उपग्रहावर सौरपटल अशा घडीने उघडून बघितलं. ही घडी मला शिकवायला सगळ्यात जास्त आवडते. कागदाला आधी सरळ पंख्याच्या घड्या, मग ती बंद पट्टी थोड्या तिरप्या कोनात मागे-पुढे दुमडायची, मग सगळा कागद उघडायचा. आता समोर समांतरभुज चौकोनांची जाळी दिसते. आणि मग अवघड काम, त्यातल्या निम्म्या घड्या उलट्या करायच्या. वर उठलेली घडी म्हणजे डोंगर, आत गेलेली म्हणजे दरी. डोंगर होता तिथे दरी, दरी होती तिथे डोंगर, जोपर्यंत प्रत्येक नागमोडी रेष पूर्ण डोंगर नाहीतर पूर्ण दरी होत नाही. दोन्ही हातांची सगळी बोटं लागतात. कुणाचं तरी एका कोपऱ्यात अडतंच.

गेल्या महिन्यात बार्शीचा एक मुलगा असाच अडला होता. दीड तास. कागद घामाने मऊ पडलेला, आणि एक कोपरा काही केल्या मिटेना. मी त्याला उत्तर दिलं नाही, म्हटलं, जिथे चार घड्या एकत्र येतात त्या एका बिंदूवर बोट ठेव आणि मोज, डोंगर किती, दऱ्या किती. त्याने मोजलं, तीन-एक. पुढचा बिंदू, एक-तीन. पुढचा, तीन-एक. मग एक आला दोन-दोन. थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, त्या बिंदूवरची एक घडी अंगठ्याने आत दाबली आणि सगळा कागद एकदम, म्हणजे खरंच एका क्षणात, त्याच्या हातात मिटला. सपाट मिटणाऱ्या कुठल्याही बिंदूवर डोंगर आणि दऱ्यांमध्ये दोनाचाच फरक असतो, याला माएकावाचा नियम म्हणतात, आणि त्याच बिंदूभोवतीचे एकाआड एक कोन मिळवले की बेरीज 180 अंश येते, तो कावासाकीचा. हे दोन नियम मी त्या दिवशी फळ्यावर लिहिले. त्याच्या आधी लिहिले असते तर ते फक्त दोन जपानी नावं म्हणून वहीत गेले असते.

मिटलेल्या मिउराचे दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढले की सगळा कागद एकत्र उघडतो, लांबीतही आणि रुंदीतही. रबर ओढलं की अरुंद होतं ना, हे उलट, एका दिशेला ओढलं की दुसऱ्या दिशेलाही पसरतं. एकच हालचाल, तिथे वेगळी-वेगळी घडी वेगळी-वेगळी उघडतच नाही. मुलं हे पाच-पाच मिनिटं नुसतं उघडमिट करत बसतात आणि मी बसू देते. आता कॉम्प्युटरवर ओरिगामीचे सिम्युलेटर आहेत, चांगले आहेत, मी दाखवतेही, पण हाताने करून झाल्यावर. स्क्रीनवर कागद कधी थकत नाही, त्याला धार नसते, तो फुटत नाही. हातातला कागद नको तिथे ताण आला की लगेच फुगतो आणि सांगतो की इथे तू चुकलास.

यंदा एक मोठी गोष्ट झाली ती सावंतवाडीकडच्या एका मुलीमुळे. सगळे आपापली छपरं घेऊन बसलेले, डायमंडच्या घड्यांच्या कमानी, चांदण्यांसारखी टोकं, फार सुंदर दिसत होतं टेबल. ती एका मॉडेलकडे बघत म्हणाली, "मॅम, ह्या खोबणीत पाणी साठणार. खालून निघायला वाटच नाही." आणि वर्ग गप्प. तिच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिला ते दिसणारच! खाली जाणारी प्रत्येक घडी म्हणजे पन्हळ आहे, आणि पन्हळीला उतार पाहिजे, तोंड पाहिजे, सांध्यावर नीट पत्रा चढवलेला पाहिजे. मग मी त्यांना अमेरिकेत कोलोराडोमधल्या हवाई दलाच्या अकादमीचं चॅपल दाखवलं, वॉल्टर नेटश या आर्किटेक्टचं, 1962 मध्ये पूर्ण झालेलं, 17 उंच सुळके एका ओळीत, घडीच्या वास्तूंमध्ये सगळ्यात देखणं म्हणावं असं. आणि ते पहिल्यापासून गळत होतं. सांध्यांवर आतून बसवायचं पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी, खर्च वाचवायला काढलं गेलं, त्याऐवजी भेगा नुसत्या सीलंटने, म्हणजे भेगा बुजवायच्या लुकणाने, भरल्या, त्या सुकून फाटत राहिल्या, आणि शेवटी 2019 मध्ये दुरुस्तीसाठी अख्खं चॅपल बंद करावं लागलं. एवढी मोठी माणसं, एवढं मोठं काम, आणि पाणी आत आलं ते घडीच्या रेषेतूनच. त्यानंतर आम्ही सगळी मॉडेलं प्लास्टिकच्या पातळ शीटमध्ये परत केली आणि वर स्प्रेची बाटली मारली. साठपैकी बहुतेकांच्या छपरात तळी झाली. पोरांनी स्वतःहून घड्यांचा उतार बदलला. जी टोकं फक्त छान दिसतात म्हणून ठेवली होती त्यातली बरीचशी गेली आणि छपरं अजून छान दिसायला लागली.

सबमिशनला मी दोन गोष्टी मागते. एक मॉडेल, आणि एक तसंच केलेलं पण पूर्ण उलगडून सपाट केलेलं. मार्क जास्त दुसऱ्याला. यावरून दरवर्षी कुरकुर होते, सहकारीही म्हणतात की सपाट कागदात काय बघायचं. पण मॉडेलमध्ये फक्त शेवट दिसतो, उलगडलेल्या कागदात सगळा प्रवास दिसतो. कुठली घडी आधी घातली, कुठे दोनदा विचार बदलला, कुठे माप चुकलं आणि ते कसं सावरलं, सगळं. यूट्यूबवरून जसंच्या तसं केलेलं असेल तर तो कागद फार स्वच्छ असतो, आणि त्या मुलाला एक प्रश्न विचारला की कळतं.

परवा शुक्रवारी ते सगळे कागद आम्ही सॉफ्टबोर्डवर लावले. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, चारचा सुमार, ट्यूबलाइट बंद करायला सांगितल्या आणि प्रत्येक घडीची सावली उठून आली. एकीच्या कागदावर मध्येच एक रेष होती, बाकी जाळीशी अजिबात न जुळणारी, तिरकी, अर्ध्यात संपणारी. मी विचारलं, ही कुठून आली? म्हणाली, "चुकून पडली मॅम. पण ती पडल्यावर हा भाग आपोआप वर उचलला गेला आणि मला दार हवंच होतं. म्हणून मग दुसऱ्या बाजूलाही मुद्दाम घातली." मी जवळ जाऊन बघितलं. डावीकडची रेष जरा कापरी होती आणि उजवीकडची पट्टीने ओढलेली. तो कागद मी तिला विचारून घरी आणलाय, आत्ता टेबलावर आहे. परत मिटवून बघितला, मला दोन प्रयत्न लागले, आणि खरंच ते दार उघडतं.

पुढच्या आठवड्यापासून हेच आम्ही 2 मिलिमीटरच्या माउंटबोर्डात, म्हणजे जाड पुठ्ठ्यात, करणार आहोत. तिथे नवा प्रश्न सुरू होतो, कागदाला जाडी नाही असं समजून केलेली घडी जाड मालात मिटतच नाही, बिजागरी पानाच्या मध्ये घालायची की वरच्या पृष्ठावर की खालच्या, हे प्रत्येक डोंगर-दरीला वेगळं ठरवावं लागतं. त्यासाठी बाइंडिंगचं कापड लागेल, अप्पा बळवंत चौकात मिळतं ते मीटरवर, साधं, काळं किंवा तांबडं. कुणाच्या घरी जुन्या वह्यांच्या बाइंडिंगचं उरलेलं असेल तर तेच आणा, नवीन घेऊ नका.